झोपेत हातपाय झटकतात? 'बाहेरचं' म्हणण्याआधी कारण शोधा

"पोरगं रात्री झटके मारते, त्याले बाहेरचं लागलं." अमरावती आणि अकोला जिल्ह्यांतल्या गावांत आणि शहरांच्या वस्त्यांत हे वाक्य आजही सहज कानावर पडते. मग कुणी लिंबू उतरवते, कुणी अंगारा आणते, कुणी गुरुवारी अमक्या बाबाकडे न्यायला सांगते. शिकलेल्या घरांतही पहिला फोन डॉक्टरांना जात नाही, 'जाणकारा'ला जातो.

झोपेत होणाऱ्या बहुतेक हालचाली निरुपद्रवी असतात. त्यांना औषध लागत नाही आणि उताराही लागत नाही. काही थोड्या हालचाली मात्र आजाराची खूण असतात आणि त्यांवर वेळेत उपचार झाला तर माणूस नेहमीचे आयुष्य जगतो. दोन्हींतला फरक न कळल्यामुळे एका घरात फुकटची भीती बसते आणि दुसऱ्या घरात उपचाराची वर्षे वाया जातात. वस्तीत काम करणाऱ्या तरुण कार्यकर्त्यांना हा फरक सांगता यावा, एवढ्यासाठी आम्ही हा लेख लिहीत आहोत.

झोपेत शरीर काय करते?

झोप म्हणजे मेंदू बंद पडणे नव्हे. रात्रभरात झोपेची साधारण दीड-दीड तासाची चार-पाच आवर्तने होतात. प्रत्येक आवर्तनात आधी हलकी झोप, मग गाढ झोप आणि शेवटी स्वप्नांची झोप येते. स्वप्नांच्या झोपेत बंद पापण्यांखाली बुबुळे भराभर हलतात. शिकागो विद्यापीठातील युजीन असेरिन्स्की आणि नॅथॅनिएल क्लाइटमन यांनी १९५३ साली या अवस्थेची नोंद प्रसिद्ध केली आणि झोपेच्या आधुनिक शास्त्राला वेग आला.

या स्वप्नांच्या झोपेत मेंदू जोरात काम करतो, पण मेंदूच्या तळाशी असलेला एक भाग हातापायांच्या स्नायूंना सैल सोडतो. म्हणून स्वप्नात आपण धावतो तरी खाटेवर पाय हलत नाहीत. श्वासाचे आणि डोळ्यांचे स्नायू तेवढे चालू राहतात. जाग, हलकी झोप, गाढ झोप आणि स्वप्न यांच्यामध्ये मेंदूला रोज रात्री अनेकदा ये-जा करावी लागते. या ये-जा करण्यात थोडी गडबड झाली की हातपाय झटकतात, माणूस बडबडतो, उठून बसतो किंवा चालू लागतो. पुढच्या बहुतेक प्रकारांचे मूळ इथे आहे.

डोळा लागताना बसणारा दचका

नुकताच डोळा लागतो, पायरी चुकल्यासारखे किंवा खड्ड्यात पडल्यासारखे वाटते आणि सारे अंग एकदम झटकते. हा दचका बहुतेक माणसांना आयुष्यात कधी ना कधी बसतोच. जागेपणाकडून झोपेकडे जाताना स्नायू सैल पडत असतात, त्याच वेळी ही झटक येते. तो आजार नाही.

थकवा, ताण, जागरण, रात्रीचा चहा-कॉफी आणि संध्याकाळचा जोराचा व्यायाम यांनी तो वाढतो. त्यामुळे पोलीस भरतीची तयारी करणारी, अभ्यासिकेत रात्री दोनपर्यंत बसणारी मुले याची तक्रार जास्त करतात. रानडुकरांपासून पीक राखायला जागलीवर जाणारा शेतकरी, रात्रीची लाईन आली म्हणून ओलिताला उठणारा मजूर, अकोल्याच्या दाल मिलमध्ये रात्रपाळी करणारा कामगार, यांच्याही बाबतीत तेच. झोप पुरी झाली की दचके कमी होतात.

याचाच एक भाऊबंद म्हणजे जाग आल्यावरही अंग न हलणे. मेंदू जागा होतो, पण स्नायूंची सैल अवस्था काही क्षण टिकून राहते. छातीवर कुणीतरी बसले आहे, खोलीत कुणी उभे आहे असे वाटते. भुताच्या कितीतरी कहाण्या याच अनुभवातून तयार झाल्या असाव्यात. काही सेकंदांत किंवा एक-दोन मिनिटांत ते आपोआप सुटते. उताणे झोपल्यावर आणि झोप अपुरी राहिल्यावर ते जास्त घडते.

बाळाला सटवाई हसवत नाही

तान्हे बाळ झोपेत हसते, ओठ मुडपते, हातपाय झटकते. आपल्याकडे म्हणतात, सटवाई त्याला हसवते, रडवते. खरे म्हणजे तान्ह्या बाळाची जवळपास निम्मी झोप स्वप्नांच्या झोपेसारखी चळवळी असते आणि त्याची मज्जासंस्था अजून पक्की होत असते. काही बाळांचे हातपाय पहिल्या काही आठवड्यांत फक्त झोपेत झटकतात आणि बाळ जागे केले की लगेच थांबतात. साधारण तीन महिन्यांत हे बहुधा आपोआप जाते.

दोन खुणा मात्र आईला आणि आशाताईंना माहीत हव्यात. झटके बाळ जागे असतानाही येत असतील, किंवा सोबत ताप, दूध न पिणे, निळे पडणे, मलूल होणे असेल तर त्याच दिवशी दवाखाना. दुसरी खूण: काही महिन्यांचे बाळ झोपेतून उठता उठता मान आणि हात एकदम आत ओढते, पुन्हा सैल होते, आणि असे लागोपाठ अनेकदा होते. हा बाळाच्या मिरगीचा एक गंभीर प्रकार असू शकतो. बाळ दचकते म्हणून तो सोडून दिला तर बुद्धीची वाढ खुंटू शकते. यात एक आठवडाही थांबू नये.

दात खाणे, झोपेत चालणे

मूल झोपेत दात खाते म्हणजे पोटात जंत आहेत, असे घरोघर सांगतात. जंतांचे औषध मुलांना ठरल्या वेळी दिलेच पाहिजे, पण दात खाण्याचे कारण जंतच आहेत असे सिद्ध झालेले नाही. ताण आणि झोपेतली छोटी-छोटी जाग यांच्याशी त्याचा संबंध जास्त दिसतो. मोठेपणीही दात झिजत असतील किंवा सकाळी जबडा दुखत असेल तर दंतवैद्याला दाखवावे.

झोपेत चालणे किंवा किंचाळून उठणे बहुतेक वेळा लहान मुलांत आणि रात्रीच्या पहिल्या भागात दिसते. गाढ झोपेतून मेंदू अर्धवट जागा होतो. डोळे उघडे असतात, पण मूल ओळखत नाही आणि सकाळी त्याला काही आठवत नाही. 'अंगात आलं' असे याच मुलांबद्दल म्हटले जाते. त्याला गदागदा हलवू नये, थापड मारू नये, तोंडावर पाणी मारू नये. हळू बोलत हाताला धरून अंथरुणावर आणावे. वाढत्या वयाबरोबर बहुतेकांचे हे थांबते.

वऱ्हाडात एक धोका वेगळा आहे. मे महिन्यात अकोल्याचा पारा ४५ अंशांच्या आसपास जातो आणि घरोघरी लोक गच्चीवर झोपतात. झोपेत चालणाऱ्या मुलाला कठडा नसलेल्या गच्चीवर झोपवू नये. जिन्याच्या दाराला कडी लावावी आणि विळा, पावशी, चूल-शेगडी त्याच्या वाटेतून दूर ठेवावी.

रात्री पाय स्वस्थ बसत नाहीत

संध्याकाळ झाली, अंग टेकवले की पायांत काहीतरी सरपटल्यासारखे, ओढल्यासारखे वाटते. पाय हलवले किंवा चालले की बरे वाटते, थांबले की पुन्हा सुरू. डॉक्टर याला रेस्टलेस लेग्स सिंड्रोम म्हणतात. यातल्या अनेकांचे पाय झोपेतही हलतात. अंगठा वर उचलला जातो, घोटा आणि गुडघा वाकतो, आणि हे बहुधा २० ते ४० सेकंदांच्या अंतराने पुन्हा पुन्हा होते. माणसाला स्वतःला कळत नाही. शेजारी झोपणाऱ्याला लाथ बसते, तेव्हा घरात भांडण होते.

याचे एक मोठे कारण शरीरातली लोहाची कमतरता आहे. गरोदर बाया, जास्त पाळी जाणाऱ्या मुली, मूत्रपिंडाचे रुग्ण यांच्यात हा त्रास अधिक दिसतो. दिवसभर निंदण, कापूस वेचणी करून आलेली बाई "रात्री पाय वळवळतात" म्हणते आणि आपण ते थकव्यावर ढकलतो. तिचे हिमोग्लोबिन आणि फेरिटिन तपासायला हवे.

इथे एक सावधगिरी सांगणे भाग आहे. विदर्भात आदिवासी आणि अनुसूचित जातींमध्ये, म्हणजे आपल्याही घरांत, सिकलसेलचे रुग्ण आहेत. सिकलसेलच्या रुग्णाच्या शरीरात, विशेषतः अनेकदा रक्त दिलेले असेल तर, लोह आधीच जास्त साठलेले असू शकते. म्हणून तपासणी न करता दुकानातून लोहाच्या गोळ्या आणून देऊ नयेत.

मधुमेहानेही पायांच्या नसा दुखावतात आणि रात्री आग, मुंग्या, वेदना होतात. बाबासाहेबांना मधुमेह होता, पायांच्या नसांचे दुखणे होते आणि त्या वेदनेने रात्र-रात्र झोप येत नसे, हे त्यांच्या चरित्रात नोंदलेले आहे. त्यांनी मुंबईत डॉक्टरांचे उपचार घेतले, इन्सुलिन घेतले. त्यांचा फोटो भिंतीवर लावणाऱ्या घराने पायाच्या दुखण्यासाठी गंडा बांधावा, हे आम्हाला पटत नाही.

उन्हाळ्यात रात्री पोटरीत गोळा येतो तो वेगळा. घामाने पाणी आणि क्षार गेल्याने, दिवसभराच्या श्रमाने तो येऊ शकतो. पोटरी ताणावी, पाणी आणि मीठ-साखरेचे सरबत घ्यावे.

स्वप्नातली मारामारी

पन्नाशी उलटलेला माणूस पहाटे झोपेत ओरडतो, बुक्क्या मारतो, खाटेवरून उडी टाकतो. जागे केल्यावर सांगतो, "कुत्रा अंगावर आला होता." स्वप्नांच्या झोपेत स्नायू सैल ठेवणारी यंत्रणा बिघडली की माणूस स्वप्न हातापायांनी जगू लागतो. अमेरिकेतल्या मिनेसोटातील कार्लोस शेंक आणि मार्क माहोवाल्ड यांनी १९८६ मध्ये या आजाराचे वर्णन केले. यातल्या बऱ्याच रुग्णांना पुढे काही वर्षांनी कंपवात, म्हणजे पार्किन्सन, होतो असे दिसून आले आहे. तरुण माणसाला हे होत असेल तर काही मानसिक औषधांचा परिणाम आहे का, तेही पाहतात. म्हणून मेंदूविकार तज्ज्ञांना दाखवणे गरजेचे आहे. तोवर खाट खाली घ्यावी, जवळ काच-लोखंड ठेवू नये आणि जोडीदाराने वेगळे झोपावे.

या आजारात बायकोला मार लागतो आणि माणूस शरमेने बोलत नाही. तथागतांनी कर्माचे मूळ चेतनेत, म्हणजे हेतूत, सांगितले आहे. विनयातही एका नियमात स्वप्नात घडलेली गोष्ट अपराधातून वगळलेली आहे. झोपेत उडालेल्या हातामागे हेतू नाही, म्हणून त्याची लाजही नको. मात्र याची ढाल कुणी करू नये. दारू पिऊन जागेपणी हात उचलणारा माणूस झोपेचा रुग्ण नाही, तो हिंसा करतो आहे. दारूने झोपही बिघडते, हे वेगळे सांगायला नको.

मिरगी कशी ओळखायची?

झोपेतल्या हालचालींत सर्वांत महत्त्वाचे निदान मिरगीचे आहे. काहींना झटके फक्त झोपेतच येतात, त्यामुळे वर्षानुवर्षे कुणाला कळत नाही. या खुणा लक्षात ठेवा:

- प्रत्येक वेळी हालचाल जवळपास तशीच असते. तोच हात, तीच मान, तोच आवाज.
- अंग आधी ताठ होते, मग लयीत झटकते. हे सहसा काही सेकंद ते दोन-तीन मिनिटे चालते.
- जीभ चावली जाते, तोंडाला फेस येतो, अंथरुणात लघवी होते.
- नंतर माणूस बराच वेळ गोंधळलेला असतो. सकाळी अंग आणि डोके दुखते.
- हाक मारली, हात धरला तरी झटके थांबत नाहीत.

विद्यार्थ्यांसाठी आणखी एक खूण आहे. सकाळी उठल्यावर पहिल्या तासाभरात हाताला झटका बसून कप किंवा ब्रश उडतो, जागरणानंतर हे वाढते, आणि एखाद्या दिवशी मोठा झटका येतो. किशोरवयात सुरू होणारी ही मिरगी औषधाने चांगली आटोक्यात राहते, पण जागरण तिला अजिबात चालत नाही.

मिरगीच्या कारणांत आपल्या देशात एक कारण वारंवार सापडते: डुकरातल्या पट्टकृमीची अंडी पोटात जाऊन मेंदूत गाठी होणे. ही अंडी घाण पाण्यातून, न धुतलेल्या भाजीतून आणि हातांतून येतात. म्हणून ती शाकाहारी माणसालाही होऊ शकते. उघडी गटारे आणि शौचालयांचा प्रश्न इथे थेट मेंदूपर्यंत पोचतो.

झटका आला तर माणसाला कुशीवर वळवा, डोक्याखाली मऊ कापड ठेवा, वेळ मोजा. तोंडात चमचा, बोट, पाणी काही घालू नका. चप्पल हुंगवू नका, कांदा फोडू नका, हातपाय दाबून धरू नका. पाच मिनिटांत थांबले नाही, किंवा शुद्ध येण्याआधी दुसरा झटका आला तर १०८ ला फोन करा. जागतिक आरोग्य संघटनेच्या म्हणण्यानुसार योग्य औषध मिळाले तर मिरगीचे सुमारे ७० टक्के रुग्ण झटक्यांविना जगू शकतात. औषध मात्र मनाने बंद करायचे नाही.

फवारणीनंतरची रात्र

कपाशीच्या पट्ट्यात राहणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. दिवसा कीटकनाशक फवारून आलेल्या माणसाच्या दंडाचे, पापण्यांचे, मांड्यांचे स्नायू रात्री फडफडत असतील, सोबत लाळ, घाम, उलटी, धूसर दिसणे, धाप असेल, तर ती विषबाधा असू शकते. २०१७ च्या हंगामात एकट्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. अशा माणसाला 'झोपू द्या, सकाळी पाहू' म्हणू नका. कपडे काढा, साबणाने अंग धुवा, औषधाचा डबा सोबत घेऊन लगेच रुग्णालय गाठा.

कायदा आपल्या बाजूने आहे

महाराष्ट्राचा जादूटोणाविरोधी कायदा २०१३ चा आहे. भूत उतरवण्याच्या नावाखाली बांधणे, मारणे, मिरचीची धुरी देणे, चटके देणे हे त्यात गुन्हे आहेत. शिक्षा सहा महिने ते सात वर्षे आणि दंड ५ हजार ते ५० हजार रुपये. गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र आहे. तरी फेब्रुवारी २०२५ मध्ये अमरावती जिल्ह्यातल्या चिखलदरा तालुक्यात अवघ्या २२ दिवसांच्या आजारी बाळाच्या पोटावर गरम विळ्याचे चटके दिल्याचे उघड झाले. मेळघाटात या प्रकाराला डंबा म्हणतात. दवाखाना दूर आणि भीती जवळ असली की असे घडते. त्या आईबापांना नुसते अडाणी म्हणून भागणार नाही.

दुसरा कायदा मुलींसाठी महत्त्वाचा आहे. हिंदू विवाह कायदा बौद्धांनाही लागू होतो. त्यात आणि विशेष विवाह कायद्यातही पूर्वी मिरगी ही लग्नाच्या आड येणारी अट होती. १९९९ च्या दुरुस्तीने ती काढून टाकली. तेव्हा 'सुनेला फिट येते, सोडचिठ्ठी घ्या' असे बैठकीत कुणी म्हणाले, तर ही दुरुस्ती त्याला सांगा.

काय करायचे?

पहिले काम व्हिडिओ. झोपेतली हालचाल डॉक्टरांसमोर होत नाही. घरच्या माणसाने मोबाईलवर अंगावरचे पांघरूण काढून, पूर्ण शरीर दिसेल असा एक-दोन मिनिटांचा व्हिडिओ घ्यावा. तो फक्त डॉक्टरांना दाखवावा, व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकू नये. सोबत वहीत लिहावे: झोप लागल्यावर किती वेळाने, किती मिनिटे, डोळे उघडे की बंद, सकाळी आठवते का, कोणती औषधे चालू आहेत. एवढ्यावरून डॉक्टरांचे अर्धे काम होते. गरज वाटली तर ते मेंदूचा आलेख म्हणजे ईईजी, एमआरआय किंवा रात्रभराची झोपेची तपासणी सांगतील.

दुसरे, जायचे कुठे? आधी जवळचे प्राथमिक आरोग्य केंद्र. पुढे अमरावतीत जिल्हा सामान्य रुग्णालय, ज्याला सगळे इर्विन म्हणतात, आणि अकोल्यात शासकीय महाविद्यालयाचे सर्वोपचार रुग्णालय. भीती, ताण, झोप न येणे यासाठी टेली मानसचा १४४१६ हा मोफत क्रमांक आहे. झोपेच्या गोळ्या मेडिकलमधून मनाने घेऊ नका.

तिसरे, झोपेला मान द्या. बाबासाहेबांच्या जयंतीला सलग अठरा तास अभ्यासाचा उपक्रम आपण उत्साहाने घेतो. एका दिवसाचे ते अभिवादन चांगलेच आहे. पण त्याच्या नावावर वर्षभर चार तास झोपणारा विद्यार्थी वाचलेले विसरतो, कारण लक्षात ठेवण्याचे काम मेंदू झोपेतच पक्के करतो. ज्यांना मिरगी आहे त्यांना अशा उपक्रमात रात्री बसवू नये, त्यांची वेळ दिवसाची ठेवावी.

चौथे काम विहाराचे. वंदनेने, परित्राणपाठाने घाबरलेल्या घराला धीर येतो, ही चांगली गोष्ट आहे. पण परित्राणाचे पाणी आणि मनगटाचा धागा औषधाच्या जागी आला, तर आपण मांत्रिकाचे दुकान फक्त नाव बदलून चालवतो. रविवारच्या वंदनेनंतर अर्धा तास काढा. एखाद्या डॉक्टरांना किंवा परिचारिकेला बोलवा. कुशीवर कसे वळवायचे ते सतरंजीवर करून दाखवा. वस्तीतल्या ज्या घरात रात्री कुणाचे हातपाय झटकतात, त्या घरापर्यंत अंगाऱ्याच्या आधी आपला कार्यकर्ता पोचला पाहिजे.

जय भीम!